अंधार उजळायचं बटण

१

मॉनिटर बघायला दोघं दुकानात गेले तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावर ओट्यावरचं फडकं तसंच राहिलं होतं. भांडण घरातूनच सुरू झालं होतं आणि त्या भरात ती पायात चपला सरकवून तरातरा जिना उतरली होती. जिना, रस्ता, सिग्नल, एवढ्या सगळ्या वाटेत नवऱ्याला ते दिसलं नाही. दुकानदारासमोर उभं राहिल्यावर मात्र तो कानाशी येऊन कुजबुजला, "फडकं राहिलंय तुझ्या खांद्यावर." तिने ते काढलं नाही. राहू दे म्हणाली, घरात काम कोण करतं ते चार लोकांना कळू दे.

फडक्याची तिची सवय जुनी होती. भांडी पुसली, हात कोरडे केले, की फडकं खांद्यावर टाकायचं आणि विसरून जायचं. कामाच्या टेबलाशीसुद्धा ती तशीच बसायची. मुलगी, जिला घरात सगळे मुंगी म्हणत, चित्रात आई काढायची तेव्हा आधी खांद्यावर एक पट्टा काढायची आणि मग नाक-डोळे.

ती घरांचे फोटो सुधारायची. विकायला काढलेल्या घरांचे. दलालाचा फोटोवाला रिकाम्या घरात जाऊन फोटो काढायचा आणि ते तिच्याकडे यायचे. मग तिरक्या आलेल्या भिंती सरळ करायच्या, खिडकीतलं भगभगीत ऊन खाली आणायचं, ओल पुसायची, लोंबणाऱ्या वायरी आणि कोणीतरी विसरलेलं पायपुसणं नाहीसं करायचं. जुना मॉनिटर एका कडेने पिवळा पडला होता. भिंत खरंच पांढरी आहे की नाही हे बघायला तिला प्रत्येक फोटो मोबाइलवर टाकावा लागे. नवरा एका कंपनीत हिशेब बघायचा, आठवड्यातून एखाद दिवस घरून, आणि संध्याकाळी गेम खेळायचा. टेबल एकच होतं, त्यामुळे मॉनिटरही एकच येणार होता.

दुकानदाराने दोन मॉनिटर शेजारी-शेजारी लावून दाखवले. एक सरळ, साधा, रंग जसेच्या तसे दाखवणारा. दुसरा जरा वळलेला, चपळ. दुसऱ्यावर त्याने एक गेम लावला. पडद्यावर तळघर आलं, काळंकुट्ट. दुकानदाराने मॉनिटरच्या मागे हात नेला, तिथली बोटभर दांडी दोन-तीनदा वर ढकलली आणि तळघरातला काळोख राखाडी होत गेला. खांबामागे एक शिपाई उभा होता.

"हे अंधार उजळायचं बटण," दुकानदार म्हणाला. "लपलेला दिसतो."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने विचारलं, याचा माझ्या कामाला काय उपयोग? दुकानदार म्हणाला की दोन सेटिंग करून ठेवायची, एक गेमचं, एक कामाचं, बटण दाबलं की इकडचं तिकडे, दोघांचंही भागतं. तिला पहिला हवा होता आणि तिने तसं स्वच्छ सांगितलं. त्यावर नवरा परक्या माणसादेखत हसून म्हणाला, "फोटोच तर उजळायचेत. कुठल्याही मॉनिटरवर उजळतील की."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुकानात तमाशा नको म्हणून ती एवढंच म्हणाली, "घे." लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला त्या शब्दाचा अर्थ कळला असता. त्याने मॉनिटर घेतला.

२

टेबलाची खोली घराच्या टोकाला होती. तिथून स्वयंपाकघरापर्यंत एक बोळ होता, खिडकी नसलेला, आणि त्या बोळातला दिवा कधीचा गेला होता. खोलीच्या दाराशी एक फरशी सुटली होती. तिच्यावर पाय पडला की टक् असा आवाज यायचा. दिवा आणि फरशी, दोन्ही कामं नवऱ्याच्या नावावर होती आणि दोन्हींचं उत्तर एकच असायचं, उद्या बघतो.

दिवसा मॉनिटर तिचा आणि संध्याकाळी त्याचा, असं ठरलं. तो खेळायला बसायचा तेव्हा ती स्वयंपाकाला लागायची. ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा तेव्हा घरघरत असायचा. त्या आवाजात तिला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही आणि खरं सांगायचं तर ते तिला बरं वाटायचं. अट एकच होती. खेळून झालं की बटण दाबून मॉनिटर पुन्हा कामाच्या सेटिंगवर आणून ठेवायचा.

सुरुवातीला त्याने ठेवला. मग एकदा विसरला. सकाळी मुंगीची वेणी, डबा, शाळेची गाडी, सगळं उरकून ती टेबलाशी बसली ती घाईतच, आणि तिच्या लक्षात आलं नाही. डोळ्यांना समोर दिसेल त्याची सवय होते. पडद्यावर खोल्यांचे कोपरे फिकट दिसत होते, म्हणून तिने ते गडद केले. दारांच्या आतले भाग राखाडी दिसत होते, तेही खाली दाबले. एक अख्खं घर तिने तसं केलं आणि पाठवून दिलं.

दलालाचा फोन दुपारी आला. तो एरवी हसतमुख माणूस होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला होता. "मॅडम, मला हे घर माणसांना विकायचंय. तुम्ही तर भुतांना भाड्याने द्यायला काढलंय. खोल्या आहेत की विहिरी?"

तिने मोबाइलवर बघितलं. खरंच विहिरी होत्या. सगळं पुन्हा करून देते म्हणून तिने कबूल केलं. फोन ठेवला आणि मॉनिटरच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली, गेम. संध्याकाळपर्यंत ती तो राग जपून बसली. नवरा घरात आला तेव्हा त्याने बूटही काढले नव्हते. ती जे बोलली ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असणार. तो म्हणाला की एक बटण तर विसरलो, एवढं काय आभाळ कोसळलं. मुंगी जेवत होती. ती ताटावरून उठली, हात न धुताच बोळात गेली आणि बराच वेळ तिथून आलीच नाही.

३

दुसऱ्या दिवशी ती तेच फोटो पुन्हा करायला बसली. त्याने नक्की काय वाटोळं केलं ते डोळ्यांनी बघावं, म्हणून ती बटण दाबून दोन्ही सेटिंग आलटून पालटून बघत होती. काम, गेम, काम, गेम. रिकामा दिवाणखाना होता, समोरच्या भिंतीत आतल्या खोलीचं दार, आणि दार उघडं. कामाच्या सेटिंगमध्ये दारात नुसता काळोख होता.

गेमच्या सेटिंगमध्ये त्या दारात कोणीतरी उभं होतं.

चौकटीला खांदा टेकलेला, मान जरा खाली, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. चेहरा कळत नव्हता. खांद्यावर एक फिकट पट्टा होता. कॅमेऱ्याचा पट्टा, तिच्या मनात आलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. फोटोवाला स्वतःच कुठल्यातरी आरशात आला असणार. हे त्यांच्या धंद्यात नेहमीचं. आरशातले फोटोवाले पुसणं हे तिचं निम्मं काम होतं.

पण त्या दारात आरसा नव्हता, दारच होतं. तिने फोटोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, घर पूर्ण रिकामं होतं, मी एकटाच होतो, किल्लीसुद्धा माझ्याच खिशात होती. पाठवा बघू काय दिसतंय ते. तिने मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवला. पाठवताना स्वतः बघितला तर त्यात नुसतं काळं दार होतं. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला. "ताई, काम फार होतंय का?" त्याने मायेने विचारलं. त्या मायेचाही तिला राग आला.

४

ती बावळट नव्हती. पडद्यावर डाग असेल तर तो एकाच जागी दिसायला हवा, म्हणून तिने फोटो डावीकडे सरकवला. ते फोटोबरोबर सरकलं. मोठं करून बघितलं तर नुसते चौकोन झाले. लहान केलं की पुन्हा उभं. मग तिने दुसरं घर उघडलं, जुनंच, मागे कधीतरी पूर्ण करून पाठवलेलं. मग तिसरं. घरं वेगळी होती, गल्ल्या वेगळ्या, भिंतींचे रंग वेगळे. सगळीकडे कुठल्यातरी उघड्या दारात, पलंगाच्या पलीकडे, जिन्याखालच्या कोनाड्यात ते उभं होतं. तसंच. मान खाली, खांदा टेकलेला.

आणि त्या उभं राहण्यात काहीतरी ओळखीचं होतं. ते कोणाची वाट बघत नव्हतं, लपलेलंही नव्हतं. जुनं काहीतरी मनात धरून गप्प उभं राहिलेलं माणूस जसं दिसतं तसं ते दिसत होतं.

तिच्या पाठीमागे फरशी टक् वाजली.

ती वळली. बोळ रिकामा होता. खुंटीला मुंगीचं दप्तर लटकत होतं. सुटलेली फरशी उन्हाने वाजते, थंडीने वाजते, खालच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली तरी वाजते, असं तिने स्वतःला समजावलं आणि मॉनिटर कामाच्या सेटिंगवर आणला. काळोख जागच्या जागी बसला. त्या दिवशी तिने दारं उजळायचं काम केलंच नाही, भिंती तेवढ्या सरळ केल्या.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने पानावरून उठून बघायला मात्र वेळ लावला नाही, मॉनिटरचा विषय होता ना. त्याने दांडी वर केली, खाली केली, डोळे बारीक केले. मग तिला समजावून सांगितलं, जणू ती कालपर्यंत फोटो नव्हे तर पापड करत होती, की अंधार उगाच ताणला की असे डाग येतातच, त्यात माणूस बघितला तर माणूस दिसतो, ढगात दिसतो तसा. तिने विचारलं, म्हणजे तुला दिसतोय ना? तो म्हणाला, मी कुठे म्हणालो दिसतोय?

५

पुढे काही दिवस तिने गेमचं बटण दाबलं नाही. कामं साचली होती, तीच उरकत राहिली. पण मुंगीचं काहीतरी बदललं होतं ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. आधी ती स्वयंपाक करत असताना मुंगी ओट्याखाली बैठक मारायची, डब्यांची झाकणं वाजवायची, शाळेतल्या सगळ्या बातम्या तिथे सांगायची. आता ती बोळात जाऊन बसायला लागली होती. अंधारात. रंगपेटी घेऊन.

तिने त्याचा दोष दिव्याला दिला. पोरगी अंधारात डोळे फोडून घेतेय आणि बाप गेम खेळतोय. त्या संध्याकाळी तिने पंखा बंद केला आणि नवऱ्याला सुनावलं की तो दिवा आजच्या आज लागला पाहिजे. नवरा खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. तो चिडलेला नव्हता. उलट जरा गोंधळलेला होता.

"मला वाटलं, तुलाच तो नकोय," तो म्हणाला.

"मला? मी जीव खाल्लाय तुझा त्या दिव्यासाठी."

"मग रोज तिथे अंधारात का उभी राहतेस? मी खेळत असताना?"

तिला कळेना तो काय बोलतोय. तो सांगत गेला. ती रोज येते, दाराशी उभी राहते, फरशी वाजते म्हणून त्याला कळतं. एक शब्द बोलत नाही. कधी कधी बराच वेळ. त्याच्या मानेवर काटा येतो, खेळात लक्ष लागत नाही, पण तो खेळत राहतो.

"मी मुद्दाम वळून बघत नाही," तो म्हणाला. "बघितलं की भांडण."

"मी त्या वेळी इथे असते. ओट्याशी. पंखा लावून."

तो कसंनुसं हसला. रागात माणूस नाकबूल करतं तसं ती नाकबूल करतेय असं त्याला वाटलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वाद वाढवायला नको म्हणून त्याने मान डोलावली. तेवढ्यात बोळातून मुंगीचा आवाज आला. ती चित्रावरून मान वर न करता बोलत होती.

"आईच असते. फडकं घेऊन. ती आई ओरडत नाही."

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला कळलं ते एवढंच की तिला संताप आलाय, आणि त्या संतापाखाली काहीतरी फार दुखतंय.

६

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मुंगी बोळात भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन बिस्किटं आणली होती. एक ती खात होती आणि दुसरं तिने शेजारी फरशीवर ठेवलं होतं. आपण नाही का पाहुण्याच्या पुढ्यात बशी सरकवत, तसं.

ती मुंगीसमोर जाऊन उकिडवी बसली. आज ओरडायचं नाही असं तिने पक्कं ठरवलं होतं. ती म्हणाली, चल, आत चल, आपण दोघी मिळून चित्र काढू. मुंगीने मान हलवली. मग काय हवंय तुला? मुंगीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे.

"तू नको," ती म्हणाली. "ती माझं ऐकून घेते."

तिने मुंगीचा दंड धरला आणि तिला ओढत स्वयंपाकघरात आणलं. किती जोरात धरला ते तिला हात सोडल्यावर कळलं. गोऱ्या दंडावर बोटं उठली होती. मुंगी रडली नाही, हेच वाईट. ती खाली बघत उभी राहिली, दोन्ही हात बाजूंना सोडून, मान जरा वाकवून.

ते उभं राहणं तिने पडद्यावर बघितलं होतं. माझी पोर माझ्यापासून तुटत चाललीय, हे तिला तिथे, भर उजेडात, लख्ख कळलं. आणि कळल्यावर तिला राग आला तो सगळ्यांचा. नवऱ्याचा, त्या बटणाचा, दुकानात 'घे' म्हणणाऱ्या स्वतःच्या तोंडाचा. जे काही त्या बोळात उभं होतं त्याला नुसतं उभं राहायचं होतं. डबा भरायचा नव्हता, वेणी घालायची नव्हती, दलालाचं ऐकून घ्यायचं नव्हतं. गप्प उभं राहून पोरीचं लाडकं व्हायला तिलाही जमलं असतं.

७

नवऱ्याने खरंच दिवा आणला. पुठ्ठ्याची डबी टेबलाच्या फळीवर ठेवली, खाली जाऊन येतो, आल्यावर लावतो म्हणाला आणि गेला. दिवेलागणीची वेळ होती. मुंगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खेळत होती.

तिने कपाटातून आपला जुना कॅमेरा काढला. इतरांच्या घरांत बघून झालं, आता आपल्या घरात बघू, असं तिने मनाशी म्हटलं. खोलीच्या दारात उभं राहून तिने बोळाचा फोटो काढला, जसा फोटोवाला काढतो तसा, कमरेच्या उंचीवरून, सरळ. मग टेबलाशी बसून तो पडद्यावर घेतला. कामाच्या सेटिंगमध्ये बोळ म्हणजे एक काळी पट्टी होती, आणि तिच्या टोकाला स्वयंपाकघराचा पिवळा चौकोन.

तिने गेमचं बटण दाबलं.

बोळ रिकामा होता. तिने मागे हात नेऊन दांडी वर ढकलली, आणखी वर, जाईल तेवढी. खुंटी दिसली, दप्तर दिसलं, दप्तराचा तुटलेला बंद दिसला. दिव्याचा रिकामा होल्डर, त्याला लागलेलं जाळं, सुटलेली फरशी, तिच्या कडेचा बिस्किटाचा चुरा. एवढा उजेड त्या बोळाने घर बांधल्यापासून बघितला नसेल. आणि त्यात कोणीच नव्हतं.

ती मोठ्याने हसली. एकटीच. ते हसू यायला इतके दिवस लागले होते की तिला आपलाच आवाज ओळखू येईना. अंगातून काहीतरी जड उतरल्यासारखं वाटलं. किती वेड्यासारखे वागलो आपण, तिने स्वतःला म्हटलं. आता दिवा आपणच लावायचा, मुंगीला मांडीवर घ्यायचं, दंडाला तेल चोळायचं आणि हळू आवाजात, अगदी हळू आवाजात, तिची माफी मागायची. नवऱ्यालाही दोन शब्द बरे बोलायचे. मॉनिटर काही इतका वाईट नव्हता.

तेव्हा स्वयंपाकघरातला पंखा सुरू झाला.

नवरा आला असेल, तिला वाटलं. पण नवऱ्याने तो पंखा आजवर कधी लावला नव्हता, त्याला त्याचं बटण कुठे आहे हेही माहीत नव्हतं. कढईवर झारा ठेवल्याचा आवाज झाला. मुंगी खळखळून हसली. "आणखी एक सांग," ती म्हणाली. आणि एका बाईचा आवाज सावकाश, मऊपणे काहीतरी सांगायला लागला.

आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही म्हणतात. मोबाइलमध्ये तो ऐकला की तिला नेहमी ओशाळं वाटायचं. आत्ताही तसंच ओशाळं वाटलं, म्हणून तिला तो लगेच ओळखता आला.

८

ती उठली. भीती नव्हतीच. माझ्या ओट्याशी, माझ्या पोरीशी, कोण बोलतंय, या एकाच विचाराने ती तरातरा दारातून बाहेर पडली. पायाखाली फरशी टक् वाजली.

बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर उजळलेलं होतं. मुंगी ओट्यावर बसली होती, पाय खाली सोडून, जे ती तिला कधीच करू द्यायची नाही. तिच्यासमोर एक पाठमोरी बाई उभी होती. तिचाच घरातला गाऊन, तिचाच सैल अंबाडा. खांदे मात्र सैल, हलके. त्यांच्यावर फडकं नव्हतं.

"मुंगे," तिने हाक मारली. ती हाक तिच्या कानांत घुमली आणि तिथेच विरली. मुंगीने मान वर केली. तिने बोळातल्या अंधाराकडे बघितलं, थेट तिच्या डोळ्यांत. ओळखीचं हसली, शेजाऱ्याकडे बघून हसतात तसं, आणि पुन्हा गोष्ट ऐकायला वळली. तिला पुढे जायचं होतं. पाऊल उचलावं एवढंच काम होतं, पण पाय त्या फरशीवरून हलेना.

मागे गेमचा आवाज सुरू झाला.

तिने मान फिरवली. नवरा खुर्चीत बसला होता, जिच्यातून ती आत्ताच उठली होती. त्या खोलीत जायला या बोळाशिवाय रस्ता नव्हता. तिच्या अंगावरून गेल्याशिवाय तो आत जाऊच शकत नव्हता. फळीवर दिव्याची डबी तशीच बंद होती.

"अरे," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली, "अरे, मी इथे आहे."

फरशी वाजली. त्याचे खांदे ताठ झाले. मान थोडी, अगदी थोडी, वळल्यासारखी झाली आणि थांबली. त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज चढवून विचारलं, "अगं, तो दिवा उद्या लावला तर चालेल का?"

"लाव सावकाश," ओट्याकडून तिचा आवाज आला. त्यात रागाचा लवलेश नव्हता. "घाई काय आहे."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. "ही फरशीपण बसवायला हवी," तो स्वतःशीच पुटपुटला आणि पुढे सरकून बसला.

ती किंचाळली. घाई आहे, म्हणाली, आत्ताच्या आत्ता लाव, एकदा मागे वळून बघ, भांडणार नाही, शप्पथ भांडणार नाही. जे जे आयुष्यात कधी त्याच्यावर ओरडली होती त्या सगळ्यापेक्षा मोठ्याने ती ओरडली. फरशी टक्, टक् करत राहिली. शेवटी दमून तिने चौकटीला खांदा टेकला. हात आपोआप दुसऱ्या खांद्यावर गेला. फडकं तिथे होतं, ओलसर, जड.

पडद्यावर तळघर आलं होतं. काही दिसत नव्हतं म्हणून त्याने मॉनिटरच्या मागे हात नेला आणि दांडी वर ढकलली. तळघर उजळत गेलं. खांबामागे जे कोणी होतं ते त्याला दिसलं, आणि मागे न वळता तो त्याच्याकडेच बघत राहिला.